टचवाले इअरबड्स: एकेरी टॅप आधी रिकामा करा

प्रश्न थोडक्यात असा: टचवाले वायरलेस इअरबड्स घेतले आहेत. केस मागे सारताना, हेल्मेट चढवताना, बड नीट बसवताना गाणं थांबतं नाहीतर पुढचंच लागतं. बोलता बोलता कॉलही कट झाला आहे. टच पूर्ण बंद करता येतो का? आणि आईसाठी घ्यायचे तर टचवाले घ्यावेत की बटणवाले?

मी इअरबड्स दुरुस्तीच्या काउंटरवर बसतो. ही तक्रार रोजची आहे, आणि ती घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचे बड्स ठणठणीत असतात. बिघाड नसतो, कंपनीने घालून दिलेली मांडणी त्यांच्या सवयीची नसते. टच पूर्ण बंद करायची सोय पुष्कळ मॉडेलांत आहे, पण बहुतेकांना त्याची गरज पडत नाही. एकच गोष्ट करा: बड्सच्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन एकेरी टॅपला काहीच काम देऊ नका. तिथे ‘नन’ किंवा ‘ऑफ’ असा पर्याय दिसेल, तो निवडा.

कारण साधं आहे. चुकून लागणारा हात जवळजवळ नेहमी एकदाच लागतो. केसांची बट, ओढणी, स्कार्फची कड, हेल्मेटचा फोम, उशी, सगळ्यांचा स्पर्श एकेकदाच होतो. ठरावीक लयीत दोनदा टकटक मात्र मुद्दाम केल्याशिवाय सहसा होत नाही. मी गिऱ्हाइकांना लावून देतो ती मांडणी अशी: एकेरी टॅप रिकामा, दुहेरी टॅपला गाणं चालू-बंद, लाँग प्रेसला, म्हणजे बोट दाबून धरण्याला, बाहेरचा आवाज ऐकू येण्याचा मोड. तिहेरी टॅपला पुढचं गाणं, तेही खरंच लागत असेल तर. दोन्ही कानांना हेच. डाव्याला एक आणि उजव्याला दुसरं असं वाटून दिलं की कागदावर बरं दिसतं, पण एका हातात पिशवी आणि दुसरा हात लोकलच्या दांडीला असताना कोणता कान कशाचा, हे आठवत बसावं लागतं. आठ-दहा खुणा पाठ करायच्या म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

एकेरी टॅप कायम ठेवला तर आणखी एक तोटा असतो, जो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही एकदा टॅप केलंत की बडला लगेच काही करता येत नाही. दुसरा टॅप येतोय का, तिसरा येतोय का, याची त्याला क्षणभर वाट पाहावी लागते. म्हणून गाणं थोडं उशिरा थांबतं. माणसाला वाटतं टॅप लागला नाही, तो पुन्हा मारतो, आणि बड ते दोन मिळून ‘डबल टॅप’ समजतो. गाणं थांबायच्या ऐवजी पुढचं लागलं, ही तक्रार बहुधा इथून येते. टॅप मारून पळभर थांबायची सवय लावली तरी यातलं बरंच सुटतं.

सेटिंग सापडतं कुठे, ते सांगतो. ब्लूटूथच्या यादीत बडच्या नावापुढे असलेल्या खुणेत काही फोन थोडेफार पर्याय दाखवतात, पण खरी जागा कंपनीच्या अ‍ॅपमध्ये. सॅमसंगला गॅलेक्सी वेअरेबल, वनप्लस आणि ओप्पोला हेमेलडी, रिअलमीला रिअलमी लिंक, बोटला बोट हिअरेबल्स, नथिंगला नथिंग एक्स, अँकरला साउंडकोअर, जेबीएलला जेबीएल हेडफोन्स. सोनीचं पूर्वीचं हेडफोन्स कनेक्ट आता साउंड कनेक्ट या नावाने मिळतं. अलीकडच्या गॅलेक्सी बड्सवर एकेरी, दुहेरी, तिहेरी आणि दाबून धरणं यांना वेगवेगळे स्विच आहेत, शिवाय सगळाच टच एका फटक्यात बंद करता येतो. गूगलच्या पिक्सेल बड्सलाही टच बंद करायचा स्विच आहे. सोनीच्या काही मॉडेलांत प्रत्येक टॅप सुटा बदलता येत नाही. एका कानाला ‘प्लेबॅक’चा सगळा संच, दुसऱ्याला ‘नॉइज’चा, असं द्यावं लागतं. तिथे एक कान पूर्ण रिकामा ठेवायचा. ज्या बाजूला हात जास्त लागतो तो.

एअरपॉड्सचं वेगळं आहे. पहिल्या दोन पिढ्यांमध्ये एकेरी टॅप मुळातच नव्हता, फक्त डबल टॅप. त्याचं काम प्रत्येक कानाला वेगळं देता येतं किंवा बंद करता येतं. प्रोमध्ये बडची खाली लोंबणारी दांडी दाबावी लागते. तिथे एकदा, दोनदा, तीनदा दाबण्याचे अर्थ ठरलेले आहेत, आणि दाबून धरण्याचं काम तुमच्या मर्जीवर. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, त्यात एअरपॉड्स असं गेलात तर दाबण्याचा वेग आणि धरून ठेवण्याचा अवधी बदलता येतो. ही जागा फार कमी जणांना माहीत आहे, आणि वयस्कर माणसांना तिचा मोठा उपयोग होतो. एअरपॉड्स अँड्रॉइड फोनला लावून वापरणाऱ्यांसाठी अ‍ॅपलने अ‍ॅप दिलेलं नाही. कुणाचा तरी आयफोन मागून एकदा हवं ते लावून घ्या.

आता ‘टच’ म्हणजे नेमकं काय, हे कळलं तर बाकीच्या तक्रारींची उत्तरं तुमची तुम्हालाच सापडतील. बाहेरून सगळं सारखं दिसत असलं तरी आत वेगवेगळे प्रकार असतात.

सगळ्यात जास्त चालतो तो कपॅसिटिव्ह, म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनसारखा. स्वस्तातला बड उघडला की झाकणाच्या आतून तांब्याची पातळ चकती किंवा वाकणाऱ्या पातळ सर्किटची (फ्लेक्सची) पट्टी चिकटवलेली दिसते, आणि सर्किटवरून वर आलेली एक बारीक स्प्रिंग तिला टेकलेली असते. एवढंच. बोट जवळ आलं की त्या चकतीची विद्युत धारकता किंचित वाढते आणि चिप ती वाढ मोजते. चिपला दाब कळत नाही. त्यामुळे जोरात टॅप करून काही फायदा नाही, कान दुखतो तेवढाच. हातमोजे घातले की टच लागत नाही, आणि बडवर जाड सिलिकॉनचं कव्हर किंवा स्टिकर चढवलं तरी तीच गत. बड पडून झाकण किंचित उचकटलं किंवा कुणी ते फेव्हिक्विकने वाकडं चिकटवलं की स्प्रिंग नीट टेकत नाही. मग टच कधी लागतो, कधी नाही. हा मात्र खरा बिघाड, आणि तो अ‍ॅपमधून जात नाही.

पावसाळ्यात आमच्याकडे गर्दी होते तीही या चकतीमुळेच. वीजक्षेत्र साठवण्याचा जो गुणांक असतो, तो प्लास्टिकचा साधारण 3 आणि पाण्याचा 80च्या आसपास. म्हणजे एक थेंबसुद्धा चिपला बोटासारखा भासू शकतो. ओले केस, मानेवरून वर गेलेला घामेजलेला हात, ओला रेनकोट या सगळ्यांनी गाणी आपोआप बदलतात. खोक्यावर आयपीएक्स 4 लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बड शिंतोडे सोसेल एवढाच. ओला असताना टच नीट चालेल, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. जिमला जाणाऱ्यांनी आणि पावसात चालणाऱ्यांनी त्या तासाभरापुरता टच बंद ठेवावा, गाणी फोनवरून नाहीतर घड्याळावरून बदलावीत. नंतर मऊ कोरड्या कापडाने बडचा पृष्ठभाग पुसा. तेलाचा हात, क्रीम, सनस्क्रीन यांचा थर बसतो, तो पुसला की टच सुधारल्याचं मी पुष्कळदा पाहिलं आहे.

याच चिपची एक खोड आहे. बड चार्जिंगच्या डबीतून निघून चालू होतो तेव्हा ‘आत्ता काहीही टेकलेलं नाही’ असं धरून चिप आपला शून्य ठरवते. नेमकं त्याच वेळी तुमचं बोट चकतीवर असेल, तर तराजूत काहीतरी ठेवूनच काटा शून्यावर आणावा तसं होतं. पुढचा काही वेळ टच लागत नाही किंवा भलत्याच वेळी लागतो. उपाय फुकटचा आहे. बड डबीत ठेवा, झाकण लावा, थोडा वेळ थांबा आणि कडेला किंवा दांडीला धरून बाहेर काढा. कानात घालतानाही तसंच. चपट्या बाजूवर तळवा ठेवून बड आत ढकलायची सवय असेल तर ती सोडा. निम्मे ‘चुकून लागलेले’ टॅप त्या ढकलण्यातच लागतात.

दुसरा प्रकार धक्का ओळखणारा. 2016मध्ये आलेल्या पहिल्या एअरपॉड्समध्ये तो होता: आतला अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) टकटक ओळखतो. त्याला ओलं-कोरडं कळत नाही, हातमोजेही चालतात, पण नीट टिचकी मारावी लागते. सोनीने 2022च्या लिंकबड्समध्ये ही कल्पना पुढे नेली. तिथे बडला हात न लावता कानासमोर गालावर टॅप केलं तरी चालतं. सोय चांगली आहे, मात्र चघळताना किंवा दाढी खाजवताना काय होतं, ते स्वतः लावून बघितल्याशिवाय कळणार नाही.

तिसरा प्रकार माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा: दांडी चिमटीत दाबायची. आत दाब ओळखणारा सेन्सर असतो. एअरपॉड्स प्रोने 2019मध्ये तो आणला, नथिंगच्या इअर 2मध्ये 2023ला आला, सॅमसंगनेही 2024च्या बड्स 3मध्ये दांडी देऊन तोच मार्ग धरला. केसांची बट किंवा स्कार्फ दांडीला दोन्ही बाजूंनी चिमटा काढू शकत नाही, त्यामुळे चुकून काही होणं फार दुर्मीळ. शिवाय दाब बोटांच्या मधेच राहतो, कानाच्या आत जात नाही. एअरपॉड्स प्रोच्या दुसऱ्या पिढीत, म्हणजे 2022पासून, दांडीवर बोट वर-खाली फिरवून आवाजही कमी-जास्त करता येतो. हा भाग मात्र टचचा आहे, आणि केस किंवा कपडा घासून आवाज बदलत असेल तर अ‍ॅक्सेसिबिलिटीच्या त्याच पानावर तो बंद करता येतो.

चौथं म्हणजे खरंखुरं बटण. त्याकडे आईच्या निमित्ताने येतो.

त्याआधी कॉल कट होण्याबद्दल. बड फोनला गाण्यांच्या आज्ञा एका मार्गाने पाठवतो, कॉलच्या दुसऱ्या. पहिल्याला एव्हीआरसीपी म्हणतात, दुसऱ्याला एचएफपी. कॉल चालू झाला की त्याच टॅपचा अर्थ बदलतो, आणि बऱ्याच मॉडेलांत एक किंवा दोन टॅपला कॉल बंद होतो. तुम्ही गाण्यांसाठीचं सेटिंग बदललंत तरी कॉलचं तसंच राहू शकतं. अ‍ॅपमध्ये ‘कॉल कंट्रोल’ असा वेगळा भाग शोधा. तिथे कॉल घ्यायला डबल टॅप आणि बंद करायला लाँग प्रेस ठेवता आला तर उत्तम. कॉल ठेवण्याचं काम बडवरून पूर्ण काढून टाकता आलं तर त्याहून बरं, कारण फोन ठेवायला समोरचा माणूस असतोच. आयफोनवर, एअरपॉड्सच्या दाबून चालणाऱ्या मॉडेलांत, म्यूट आणि कॉल बंद यांपैकी कशाला एक दाब आणि कशाला दोन, हे अदलाबदल करता येतं. कॉल बंद करणं दोन दाबांवरच राहू द्या.

बिनअ‍ॅपच्या स्वस्त बड्समध्ये एक जुनी कटकट अजून दिसते. बड काढता-घालता शेवटच्या नंबरला आपोआप फोन लागतो. हे भूत नाही. एचएफपीमध्ये ‘शेवटचा नंबर पुन्हा लाव’ अशी आज्ञाच आहे, आणि काही कंपन्या ती डबल टॅपवर किंवा डबल क्लिकवर बसवतात. अ‍ॅप नसेल तर ती काढता येत नाही. अशा वेळी फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या बडसाठी ‘फोन कॉल’चा स्विच बंद करायचा आणि बड फक्त गाण्यांना वापरायचे, हाच उपाय उरतो.

आणखी एक गैरसमज. बड फक्त ‘चालू-बंद’ एवढंच सांगतो, कोणत्या अ‍ॅपला ते फोन ठरवतो. टॅप केल्यावर गाण्याऐवजी सकाळचं रील पुन्हा वाजू लागलं तर तो फोनचा निर्णय, बडचा दोष नव्हे. लॅपटॉप आणि फोन दोन्ही एकदम जोडलेले असतील तर घोळ आणखी वाढतो. मीटिंग लॅपटॉपवर आणि टॅप चाललाय फोनकडे, असंही होतं. त्या वेळी एक उपकरण सोडवणं हाच झटपट मार्ग.

हेही तपासा की दोष खरंच टचचा आहे का. गाणं ‘आपोआप थांबतं’ म्हणून आलेल्या बड्समध्ये मी आधी टचकडे बघतच नाही. बड कानात आहे की नाही, हे ओळखणारा सेन्सर असतो. त्याच्या खिडकीवर मळ बसला, किंवा इअरटिप सैल असल्यामुळे हसताना-चावताना बड हलला, की त्याला वाटतं बड काढला, आणि तो गाणं थांबवतो. अ‍ॅपमध्ये ‘इन-इअर डिटेक्शन’ किंवा ‘वेअर डिटेक्शन’ दिवसभर बंद ठेवून बघा. त्रास थांबला तर सुंठीवाचून खोकला गेला: खिडकी पुसा, एक माप मोठी इअरटिप लावा. त्रास चालूच राहिला तर ते डिटेक्शन बंदच ठेवून बड्स टेबलावर उताणे ठेवा, गाणं लावा आणि हात न लावता थोडा वेळ बघत बसा. टेबलावरही गाणं उड्या मारत असेल तर झाकणाच्या आत ओल आहे किंवा चकती गेली आहे. अशी जोडी वॉरंटीत असेल तर स्वतः उघडू नका, एकदा उचकटलेलं झाकण दिसलं की वॉरंटी नाकारायला कारण मिळतं. टेबलावर गाणं शांतपणे चालत असेल तर बड निर्दोष आहे. केस, स्कार्फ, हेल्मेट यांकडे बघा.

हेल्मेटबद्दल एवढंच. आतला फोम बडवर सतत टेकत असेल तर चिपला तो लाँग प्रेस वाटू शकतो आणि मध्येच फोनचा व्हॉइस असिस्टंट बोलायला लागतो. लाँग प्रेसवरून असिस्टंट काढून टाका. आणि गाडी चालवताना दोन्ही कानांत बड्स घालून रहदारीत शिरू नका, त्यावर कुठलंही सेटिंग नाही.

आता आई. वय झालं की बोटांची त्वचा कोरडी होते, टॅपची लय थोडी संथ होते, आणि टच लागला की नाही हे बोटाला कळत नाही. बटणाचा ‘टक्’ कळतो. त्यामुळे माझं मत बटणाकडे किंवा चिमटीत दाबायच्या दांडीकडे. बटणाची अडचण अशी की ते दाबताना बड कानाच्या नळीत रुततो; रोज वापरात हे दुखतं. बटण बडच्या वरच्या कडेला असेल तर बड अंगठ्याने खालून धरून तर्जनीने दाबता येतं आणि कानावर जोर येत नाही. बटण मधोमध असेल तर दुकानात कानात घालून तीनदा दाबून बघू दे. मॅडम, दुखतंय का, असं विचारलं की बहुतेक आया ‘नाही’च म्हणतात, चेहरा बघा.

त्यांना दोनच गोष्टी शिकवा: फोन उचलायचा कसा आणि गाणं किंवा कीर्तन थांबवायचं कसं. दोन्हींना एकच खूण ठेवता आली तर सोन्याहून पिवळं. आवाज कमी-जास्त करणं फोनच्या बटणांवरच राहू द्या. बाकीच्या खुणा अ‍ॅपमधून काढून टाका, विशेषतः गेम मोड आणि असिस्टंट, कारण ते चुकून लागले की कानात अचानक इंग्रजी बाई बोलते आणि त्या बड्स काढून ठेवतात ते कायमचे. सगळं तुमच्या फोनवर लावून मग त्यांच्या फोनला जोडलंत तरी बहुतेक मॉडेलांत चालतं, कारण ही मांडणी बडच्या आतच साठते. मात्र रिसेट केल्यावर ती पुसली जाते आणि फर्मवेअर (बडच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावरही कधीकधी मूळपदावर येते, तेव्हा पुन्हा एकदा बघून घ्यायचं.

घेताना दुकानदाराला किंवा वेबसाइटवर एवढंच तपासा: या मॉडेलला अ‍ॅप आहे का, आणि त्यात एकेरी टॅप बंद करता येतो का. अ‍ॅप आहे पण फक्त इक्वलायझर (आवाजातला बास-ट्रेबल) बदलता येतो, अशीही मॉडेलं आहेत. घरी आणल्यावर बदलून मिळण्याची मुदत संपायच्या आत ओल्या बोटाने, केस मोकळे सोडून, आणि आई ज्या कुशीवर झोपते त्या कुशीवर आडवं होऊन वापरून घ्या. यात जमले नाहीत तर परत करा, दुसरी जोडी बघा.